नदीपलीकडचा सेंटर

मनिला
२ मार्च १९९८

प्रिय नोरिता,

तुझं पत्र कधीच मिळालं. उत्तराला उशीर झाला म्हणून रागावू नकोस, हात मोकळा नव्हता. म्हणजे हाताला काही झालेलं नाही, उगाच घाबरशील! हात, पाय, डोकं, सगळं जागच्या जागी आहे. गुडघा तेवढा कुरकुरतो, पण त्याचं तुझ्या आईसारखं आहे. ऐकून घ्यायचं आणि आपल्या कामाला लागायचं.

संघात बास्केटखाली खेळणारा एक नवा सेंटर आलाय. बाप पांपांगाकडचा, आई अमेरिकन, पोरगा कॅलिफोर्नियात जन्मलेला. माझ्याहून वीतभर उंच. इतकी वर्षं मी मान वाकवून लोकांशी बोललो, आता मला मान वर करून बोलायला लागतं, मानेला सवय नाही. मला 'सर' म्हणतो. कोच म्हणाले, "पोस्ते, तुझ्याजवळ आहे ते सगळं याला शिकव." (अजून पोस्तेच म्हणतात मला. विजेच्या खांबाला कुणी कधी दुसरं नाव ठेवलंय का?) तर शिकवतोय. बास्केटखाली पाठ कशी लावायची, समोरच्याला ढुंगणाने कसा मागे रेटायचा, पंच दुसरीकडे बघत असताना कोपर कुठं ठेवायचं. पोरगा गुणी आहे, पटापट शिकला. जरा जास्तच पटापट शिकला म्हण ना.

सध्या मी बाकावर जास्त असतो. रविवारी हाँगकाँगच्या चौकात पुठ्ठे टाकून बसता तेव्हा तुझ्या मैत्रिणी पेपरात माझं नाव शोधत असतील, तर त्यांना सांग की कोच मला मोठ्या सामन्यांसाठी राखून ठेवतायत.

आपल्या लेकीचं, इंदायचं पत्र आलं होतं. मेअखेरच्या क्रुसाच्या मिरवणुकीत पाद्रेंनी तिला राणी एलेना केलंय, हे तुला कळलंच असेल. तू पाठवलेलं पांढरं कापड पोचलंय, शिवायला टाकलंय. पोरगी हवेत आहे नुसती! मी येणार का, असं विचारलंय. येईन म्हणून कळवलंय.

एक राहिलं. पुढचं पत्र इलोइलोला, आपल्या दोस्ताच्या, दोदोंगच्या गॅरेजच्या पत्त्यावर टाक. आमचा तिकडे दौरा आहे. लांबचा आहे.

तुझा,
सेओ


इलोइलो
३० मार्च

नोरिता,

कसला दौरा, कुठला दौरा, असं दोन ओळींचं पत्र पाठवायचं असतं का नवऱ्याला? आणि ती तुझी जोसी! हाँगकाँगला लोकांची पोरं सांभाळायला गेलीये की पेपर वाचायला? तिला म्हणावं, खेळाचं पान सोडून बाकीची पानंही वाच, जगात बरंच काही चाललेलं असतं.

हे वरचं सकाळी लिहिलं होतं. फाडणार होतो, पण राहू दे. असा आहे मी, तुला माहीतच आहे.

जोसीने वाचलं ते खरं आहे. मला काढलं. फेब्रुवारीतच काढलं. मागचं पत्र लिहिलं तेव्हा मी संघात नव्हतो, दोदोंगच्या भावाच्या खोलीत पलंगावर तिरका झोपून लिहीत होतो. मॅनेजरने बोलावलं, खुर्ची दिली, मी खुर्चीत मावत नाही हे त्याला इतक्या वर्षांत ठाऊक असून दिली. म्हणाला, "पोस्ते, तू मारेलो सार्डिन कंपनीच्या घरचा माणूस आहेस." घरचा माणूस म्हटलं की समजायचं, आता घराबाहेर. जाताना मासळीच्या डब्यांचं खोकं हातात दिलं. अजून तेच खातोय. टोमॅटोतले संपले, तिखटातले राहिलेत.

मला राग त्याचा नाही. त्याचा काय दोष? एस्टान्सियाच्या बंदरावर मी माशांच्या टोपल्या उचलत होतो तेव्हा माझ्या हातात चेंडू येण्याआधीच चेंडूवाल्यांना माझी उंची दिसली. उंची बघून नेलं, जास्त उंच मिळाला तसं सोडलं. मधली अकरा वर्षं मी उभा राहिलो. सेंटरचं कामच ते. दुसऱ्याने पळावं, उडावं, पेपरात फोटो यावा; आपण मध्ये खांबासारखं उभं राहून येईल त्याचा धक्का छातीवर घ्यावा. मला ते आवडायचं गं. माझ्या आडोशाने कुणी सुटला आणि त्याने बास्केट केलं की वाटायचं, यातलं अर्धं माझं. लोकांना नाही कळायचं. तुला कळायचं, तू ओरडायचीस.

लाज वाटते. आणखी काय लिहू.

इंदायला, आपल्या फ्लोरला, सांगू नकोस. तिच्या लेखी मी अजून मनिलातच आहे. तिची पत्रं दोदोंगचा भाऊ इकडे पाठवतो, माझी तो तिथून टपालात टाकतो. इलायाला तुझ्या आईकडे बसने दोन तासांत पोचता येईल, एवढ्या जवळ बसून मी लेकीला मनिलाच्या गर्दीच्या गोष्टी लिहितो. काम मिळालं की तिला सगळं नीट सांगेन. रिकाम्या हाताने तिच्यासमोर जायचं नाही मला.

सेओ


इलोइलो
२६ एप्रिल

प्रिय नोरिता,

यावेळी बातमी चांगली आहे, बसून वाच.

नदीपलीकडच्या टाबुक सुबाचे गावप्रमुख, कापितान बेनहुर गॅरेजवर आले होते. तेच ते, पोट आधी येतं आणि ते मागून येतात. मला बघून हातच जोडले. "पोस्ते, देवानेच तुला गाडीखाली झोपवून ठेवलंय माझ्यासाठी!" सान इसिद्रोच्या उत्सवात गावागावांची स्पर्धा असते ना, ती त्यांना जिंकायचीये. मेयर त्यांचा मावसभाऊ. जिंकलो तर नगरपालिकेच्या क्रीडा खात्यात मला कायमची नोकरी. पोरांना शिकवायचं, कोर्टाची देखभाल करायची. नोरिता, पोरांना शिकवायचं! मला दुसरं येतं तरी काय? आणि लेकीला सांगायला तोंड होईल. म्हणेन, मोठी लीग सोडून मुद्दाम तुझ्याजवळ आलो.

अडचण एकच. त्या त्या गावचा मतदारच खेळू शकतो. कापितान म्हणाले, ते माझ्यावर सोड. त्यांच्या गावचा एक वेनान्सिओ आहे, माडावर चढून माडी काढायचा, बायकोमागे मिंडानाओला निघून गेला. त्याचं नाव मतदारयादीत अजून आहे. मी वेनान्सिओ म्हणून खेळायचं.

मी म्हटलं, "कापितान, तो किती उंच होता?"

"माड उंच होता. तो काय करायचाय उंच असून?"

हसू नकोस. सगळीच गावं असं करतात, गेल्या वर्षी एका गावाने पोलीस संघाचे दोघं आणले होते. प्रत्येक वेळी सगळ्यांना कळतं आणि सगळे गप्प बसतात. मी केस काळे करून मिशी ठेवलीये. एरवी सामने किरकोळच, लांबलांबची गावं आहेत.

तुझा,
सेओ


टाबुक सुबा
११ मे

नोरिता,

लांबलांबची गावं, असं मी लिहिलं होतं. इलायाही आहे. मला तेव्हाच माहीत होतं. तुझं माहेर, माझ्या लेकीचं गाव, आणि मी नदीच्या या तीरावरून त्यांच्याविरुद्ध. ते अंतिम फेरीपर्यंत येणार नाहीत असं कापितान म्हणाले आणि मला ते पटवून घ्यायचं होतं, म्हणून पटलं.

पण दुसरं मला खरंच ठाऊक नव्हतं, शपथ घेतो. काल उद्घाटनाची मिरवणूक होती. बँड, फटाके, सगळे संघ जर्सीत रांगेने, आणि प्रत्येक संघापुढे त्याची म्यूज, गावातली देखणी पोरगी, गावाच्या नावाचा पट्टा खांद्यावरून तिरका लावलेली. चर्चपासून छपराच्या कोर्टापर्यंत चालायचं. मी आमच्या रांगेत सर्वांत मागे. मागे उभं राहून मी लपणार कुठं? पुढच्या सगळ्यांची डोकी माझ्या छातीशी.

लोकांनी रस्त्यातच ओळखलं. माईकवर मास्तर पाब्लिंग जीव तोडून सांगतायत, "आणि हे टाबुक सुबाचे वेनान्सिओ!" आणि कठड्यावरची पोरं बोंबलतायत, "पोस्ते! पोस्ते!" एक म्हातारी म्हणाली, "अगं बाई, वेनान्सिओला कुणी ताणला?" सगळा रस्ता हसला. मीही हसलो. मारेलोच्या जर्सीत असताना कुणी मला शिव्या दिल्या तेव्हाही मला एवढं उघडं वाटलं नव्हतं.

चर्चच्या कोपऱ्यावर रांग वळली आणि इलायाचा संघ समोर आला. पुढे त्यांची म्यूज. निळा पोशाख, केसांत संपागिताची फुलं, पट्ट्यावर 'इलाया'. किती उंच झालीये गं आपली पोरगी! उंचीने माझी, चेहऱ्याने तुझी. ती दोन्ही बाजूंना हात हलवत होती, शिकवल्यासारखी. मग तिची नजर वर गेली, आणि हात तसाच राहिला.

मला वाटलं, आता हाक मारेल. पापा म्हणेल. नाही. हात पुन्हा हलायला लागला, दुसऱ्या बाजूला, आणि ती चालत पुढे गेली.

मी पळून जायला हवं होतं. रांग मोडून तिच्यामागे जायला हवं होतं. बँड वाजत होता, मी पाय टाकत राहिलो. संध्याकाळी सामना होता, तो जिंकलो. रिंगवरून उसळलेले बारा चेंडू झेलले, बारा रिबाउंड. हे तुला का सांगतोय, काय माहीत.

सेओ


टाबुक सुबा
१७ मे

नोरिता,

इलाया अंतिम फेरीत आलं. मध्ये चार दिवस गेले, तेवढ्या वेळात मी नदी ओलांडून तुझ्या आईच्या दारात जाऊ शकलो असतो. गेलो नाही. सामना झाला की जाऊ, नोकरीचं पत्र हातात घेऊनच जाऊ, असं ठरवत राहिलो.

परवा दुपारी, सान इसिद्रोच्या दिवशी, छपराच्या कोर्टात अंतिम सामना झाला. मुंगीलाही जागा नव्हती. इलायाची पोरं छोटी, वाऱ्यासारखी पळणारी. मध्यंतरापर्यंत ती आम्हाला जड जात होती. मध्यंतराला त्यांचे कोच, तुझे नोंग, डेलफिनदादा, तीनचाकी चालवतात ते, समितीच्या टेबलापाशी गेले आणि माईक लागणार नाही एवढ्या आवाजात म्हणाले, "पाद्रे, माझी तक्रार आहे. हा वेनान्सिओ नाही. हा आमचा जावई आहे!"

झालं. सगळं छप्पर उठलं. "जावईबापू! जावईबापू!" असा नुसता गजर. कापितान बेनहुर पोट सावरत धावले. "पाद्रे, कागद बघा! कागदावर वेनान्सिओच आहे."

"वेनान्सिओ माझ्या काखेत उभा राहायचा!" डेलफिन म्हणाले.

"मिंडानाओची हवा मानवली त्याला."

लोक हसून हसून खाली पडायचे बाकी होते. पाद्रे समितीचे अध्यक्ष, ते मात्र हसले नाहीत. त्यांनी मला विचारलं, "तू कोण?" मी म्हटलं, "कागदावर आहे ते." हेच म्हटलं मी, नोरिता. पाद्रेंना म्हटलं.

त्यांनी कोर्टाच्या कडेला उभ्या असलेल्या फ्लोरला हाक मारली. ती आली. पट्टा सरळ केला. पाद्रे म्हणाले, "बाळ, तू सांगितलंस की झालं, मी आणखी कुणाला विचारणार नाही. हे तुझे वडील ना?"

फेरीवाल्यानेसुद्धा शेंगदाण्याची घंटा थांबवली.

फ्लोर म्हणाली, "नाही, पाद्रे. माझे पापा मनिलात असतात. मारेलोकडून खेळतात."

कुणीच हसलं नाही. पाद्रे म्हणाले, "ठीक आहे," आणि तक्रार फेटाळली.

असं झालं सगळं. मला तेव्हापासून कळत नाहीये, तिने मला वाचवलं की टाकलं. तू आई आहेस, तुला कळेल. कळलं तर सांग.

सोमवारपासून नगरपालिकेत कामावर जायचंय.

सेओ


इलाया
३० मे

नोरिता,

गॅरेजवर तुझा फोन आला तेव्हा दोदोंग समोर पाना हातात घेऊन उभा होता, मला बोलता आलं नाही. तसंही आलं नसतं. तू रडली नाहीस, ओरडली नाहीस, एवढंच विचारलंस, "ती नाही म्हणाली. मग तू काय केलंस?" मी म्हटलं, लाइन खराब आहे. लाइन चांगली होती.

मी खेळलो. शिट्टी वाजली, मी मध्ये जाऊन उभा राहिलो आणि खेळलो. उभं राहायचं काम मला येतं. इलायाच्या पोरांना मी बास्केटखाली येऊच दिलं नाही. एक पोरगा माझ्या कोपराने तोंडावर पडला, त्याला उचललं आणि पुन्हा कोपर लावलं. शेवटचा रिबाउंड माझ्याच हातात आला. कापितानने माझा हात धरून वर केला, म्हणजे त्याला जमेल तेवढा वर, आणि मास्तर पाब्लिंग माईकवर म्हणाले, "स्पर्धेचा सर्वोत्तम खेळाडू, वेनान्सिओ!" मी पुढे होऊन ते घेतलं. हे मी मागच्या पत्रातून गाळलं होतं. नोकरीवरही गेलो, नऊ दिवस. शिपाई मला रोज "काय वेनान्सिओ" म्हणायचा आणि मी "काय" म्हणायचो.

तुझ्या फोननंतर सकाळी उठून पाद्रेंकडे गेलो. समितीतले तिघं तिथंच होते, म्हटलं बरंच आहे, सगळ्यांदेखत होऊ दे. मी एलिसेओ सुमागायसाय, इलायाचा जावई, फ्लोरचा बाप. कप काढून घ्या. पाद्रेंनी नाक पुसलं आणि म्हणाले, "उशीर केलास रे." मी म्हटलं, निदान पोरीची राणी एलेना तरी राहू द्या, तिचा काही दोष नाही. तर म्हणाले, "तिने मुकुट कधीच परत केलाय. सामन्याच्या दुसऱ्या दिवशी पापनिवेदनाला आली होती. ती काय बोलली ते मला सांगता येत नाही." सांगायची गरजही नव्हती. माझं खोटं मी दोन आठवडे मजेत वागवलं, पोरीला एक रात्रही जड गेली.

कापितान बेनहुर बाहेर भेटला. काय काय बोलला ते लिहीत नाही, पाकिटात मावणार नाही. नोकरी गेली. काल दुपारी इलायाची पोरं बँड लावून कप घेऊन गेली, मी पुलावर बाजूला उभा राहून त्यांना वाट दिली. तोंडावर पडलेला पोरगा त्यांच्यात होता. ओठ सुजलेला, पण नाचत होता.

म्हटलं, आता आपलं तोंड थोडं तरी धुतलं गेलं, आता घरी जायला हरकत नाही. वाटेत पाठ केलं, काय बोलायचं ते. तुझ्या आईने दारातच वरपासून खालपर्यंत बघितलं. वरपासून खालपर्यंत म्हणजे तिला वेळच लागला. एक शब्द बोलली नाही. भात वाढला, सुकी मासळी वाढली, व्हिनेगर पुढे सरकवलं. इतकी वर्षं तिच्या बडबडीला वैतागलो, काल वाटलं, काहीतरी बोल गं म्हातारे, शिव्या दे.

फ्लोर आतल्या खोलीत होती. तुझ्या कापडाचा पोशाख शिवून आलाय, पलंगावर घडी करून ठेवलाय, अंगाला लागलेलाही नाही. मी दाराशी उभा राहिलो. म्हटलं, "इंदाय, मी समितीपुढे सगळं सांगून आलो. कप परत दिला. नोकरीही सोडली."

"आजीने सांगितलं," ती म्हणाली.

"तू माझ्यासाठी खोटं बोललीस, बाळ. मला वाचवायला."

तिने माझ्याकडे बघितलं. रागाने नाही गं. रागाने बघितलं असतं तर सोसलं असतं.

"मला नाही माहीत मी कशासाठी बोलले, पापा. पाद्रेंनी विचारलं आणि तुम्ही गप्प होता, म्हणून तोंडातून निघालं. मला वाटलं, आता तरी तुम्ही म्हणाल, की नाही पाद्रे, ही खोटं बोलतेय, ही माझी मुलगी आहे. मी तिथंच थांबले होते, सगळ्यांनी बघितलं. मास्तर मला जा म्हणाले तरी थांबले होते."

मी म्हटलं, "मला दिसलं नाही."

"कसं दिसेल? तुम्ही खाली वाकून बुटाची नाडी बांधत होता."

एवढं बोलून ती तुझ्या आईला भांडी घासू लागायला गेली. मी तिथंच उभा राहिलो. उद्या मिरवणूक आहे, राणी एलेना आता शाळेतली दुसरी मुलगी होणार आहे. फ्लोर जाणार नाही. मी ओट्यावर झोपतोय, तुझ्या आईने चटई दिली. ही चार ओळींची गोष्ट मला पोस्टाने पाठवायला लागतेय, कारण फोनवर माझ्याने म्हणवणार नाही.

नोरिता, नाडी सुटलेलीच नव्हती.

सेओ